तक्त्यात नसलेली भाकर



आज मी तुम्हांला माझी एक चूक सांगणार आहे. बाईंची चूक म्हटल्यावर कसे कान टवकारले बघा! मग ऐका तर.

डी. एड. झाल्यावर मी नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या एका छोट्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले. आमच्या जिल्ह्यात शहादा-तळोद्याकडे सपाट काळी जमीन आहे, तर अक्कलकुवा-धडगावकडे डोंगरच डोंगर. घरं एकमेकांपासून लांब. मुलं उतार उतरून, ओढा ओलांडून शाळेत येतात.

एकदा तिसरीच्या वर्गात मी 'समतोल आहार' हा धडा शिकवत होते. भिंतीवर छान रंगीत तक्ता लावला होता. त्यात दूध, लोणी, ब्रेड, अंडी आणि लालबुंद सफरचंद! मी मुलांना म्हटलं, "काल रात्री काय जेवलात, ते वहीत लिहा."

वह्या तपासायला घेतल्या, तर एकानं लिहिलं होतं, 'दूध आणि ब्रेड'. दुसरीनं 'सफरचंद'. आमच्या पाड्यावर कुठलं आलंय सफरचंद? सगळ्यांनी तक्ता उतरवला होता! एका मुलानं मात्र खरं लिहिलं होतं : 'नागलीची भाकर आणि आंबाडीची भाजी.'

मी ते मोठ्यानं वाचलं. वर्ग हसला. आणि मी काय केलं? हसणाऱ्यांना गप्प करायचं सोडून त्यालाच म्हणाले, "असू दे हं. पण उद्यापासून दूध, फळं खात जा." त्यानं मान खाली घातली.

चार दिवसांनी त्याची आई शाळेत आली. दारातच उभी राहून म्हणाली, "बाई, आमची भाकर वाईट असते का? पोरगा घरी भाकरीला हातच लावत नाही. पाच रुपये मागतो, दुकानातली पुडी खातो. आम्ही सफरचंद कुठून आणू?"

मुलांनो, मला उत्तर देता येईना. तो मुलगा आधीच काटकुळा. कुपोषणाच्या बातम्यांत आमच्या जिल्ह्याचं नाव वरचेवर येतं. आणि इथे एक मूल माझ्या एका वाक्यामुळे घरचं जेवण टाकत होतं!

त्या रात्री मी पुस्तकं काढून बसले. आणि काय सापडलं ठाऊक आहे? हाडं मजबूत करणारं कॅल्शियम नागलीत तांदळाच्या तीसपटीहूनही जास्त असतं! आंबाडीच्या पानांत लोह असतं. शाळेमागे शेवगा उभा होता, त्याच्या पाल्यात डोळ्यांना लागणारं 'अ' जीवनसत्त्व भरपूर. दूध-अंडी चांगलीच आहेत, मिळाली तर जरूर खावीत. पण माझ्या तक्त्यात नव्हती ती भाकरही काही कमी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर त्या मुलाला म्हटलं, "चूक माझी होती. तुझं उत्तर बरोबर होतं." मग त्याच्या वहीत लाल पेनानं मोठ्ठी बरोबरची खूण केली. तो काही बोलला नाही. पण वही मात्र दिवसभर उघडीच ठेवून बसला होता.

आता शाळेतल्या जेवणाची गोष्ट. मी लहान असताना शाळेत खिचडी नव्हती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात शालेय पोषण आहाराची योजना सुरू झाली, तेव्हा महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळायचे. पिशवी डोक्यावर घेऊन मी ऐटीत घरी जायची! पण ते तांदूळ सगळ्या घरात वाटले जायचे. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या पोटात किती जायचे, कोण जाणे. पुढे २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला, की मुलांना शाळेतच शिजवलेलं अन्न द्या. २०२१ पासून या योजनेचं नाव 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' असं आहे. तुमच्या-आमच्या तोंडी मात्र ती खिचडीच!

पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी मिळावी, असा नियम आहे. तांदळातल्या प्रथिनांत जे कमी असतं, ते डाळ भरून काढते. म्हणून खिचडी शहाणी! पण भाजीचं काय? आमच्या शाळेत साठ मुलं. करा बरं गणित : रोज तीन किलो भाजी! आठवड्याच्या बाजारातून आणलेली पालेभाजी दोन दिवसांत सुकायची. मग उरायचा तो बटाटा.

आम्ही शाळेमागे परसबाग केली. हात धुतल्याचं पाणी चारी काढून तिकडे वळवलं. शेवग्याची आणखी फांदी लावली, भोपळ्याचा वेल चढवला. आणि आंबाडीचं बी कुणी आणलं असेल? त्याच मुलानं, शर्टाच्या खिशातून! त्याच्या आईनंच दिलं होतं. पहिल्यांदा खिचडीत शेवग्याचा पाला पडला, तेव्हा मुलांनी तो बोटांनी बाजूला काढला. मग स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी पाला बारीक चिरून डाळीतच शिजवायला सुरुवात केली. ताटं साफ!

अजून सगळं जमलेलं नाही. एप्रिलमध्ये पाणी आटतं आणि बागही सुकते. तेव्हा पुन्हा बटाटा.

बरं, हा प्रश्न काही आपल्या एकट्यांचा नाही. दूर आफ्रिकेत घानानं २००५ साली आणि केनियानं २००९ साली असंच ठरवलं : शाळेच्या जेवणाचं धान्य आपल्याच शेतकऱ्यांकडून घ्यायचं. मुलाचं पोट भरतं आणि शेतकऱ्याच्या मालालाही गिऱ्हाईक मिळतं. आफ्रिकेतले देश दर वर्षी १ मार्चला 'शालेय आहार दिन' पाळतात. सातपुड्यातला शेतकरी आणि घानातला शेतकरी एकमेकांना कधी भेटणार नाहीत, पण काळजी दोघांची एकच.

आमच्या वर्गात आता नवा तक्ता आहे. तो मुलांनीच काढलाय. त्यात नागली, ज्वारी, तूर, आंबाडी, शेवगा आणि अंडंसुद्धा आहे. सफरचंदही ठेवलंय, पण एका कोपऱ्यात!

तुम्हीही असा तक्ता करा. आधी आजीला विचारा, "तुझ्या लहानपणी तुम्ही काय खायचा?" आणि पालकहो, एक विनंती. डब्यात भाकर देताना 'आज दुसरं काही नव्हतं' असं म्हणू नका. मूल भाकरीबरोबर ते वाक्यही गिळतं.

तुमची,
बाई