आधी काच

कॅटरर्सच्या त्या वाढप्या मुलाने फरशीचा तुकडा उचलला होता आणि मी त्याचं मनगट धरलं. घट्ट धरलं. "अरे, नवी गाडी आहे, थांब जरा, किल्लीवाला निघालाय," म्हणाले. गाडीत माझ्या ताईचा अडीच वर्षांचा मुलगा एकटा होता. मे महिना, अकोला, दुपारचा पाऊण.

किल्ली त्याच्या हातात मीच दिली होती. नागपूरपासूनच्या प्रवासाने तो किरकिरा झाला होता. ताई-भाऊजी लग्नघरातल्या गडबडीत आत गेले, मी त्याला पुढच्या सीटवर बसवून, रडू नये म्हणून किल्लीचा रिमोट दिला आणि बॅगा काढायला मागे आले. डिकी लावली आणि चारही दारं खट्कन लागली. एसीसाठी काचा वर केलेल्याच होत्या आणि इंजिन मी बंद करून आले होते. दुसरी किल्ली नागपूरला कपाटात, अडीचशे किलोमीटरवर.

"बटण दाब, सोन्या, परत दाब," असं आम्ही दहा जण काचेला तोंड लावून ओरडत होतो. एवढे चेहरे पाहून तो घाबरला. किल्ली त्याने फेकली आणि ती सीटखाली गेली.

मी किल्लीवाल्याला फोन केला. काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं: "गाडी लॉक झाली, किल्ली आत राहिली. किती घ्याल?" मूल आत आहे हे सांगितलं नाही. विसरले नव्हते. आपली नड समोरच्याला कळली की तो दुप्पट मागतो, हा हिशेब मी आयुष्यभर करत आलेय. तो तिथेही केला. हे वाक्य लिहायला मला वर्ष लागलं.

काच फोडू न देण्याची माझी कारणं त्या वेळी मला शहाणपणाची वाटत होती. काचा उडून मुलाच्या डोळ्यांत जातील. गाडीला तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते, बॉनेटवरचं हळदीकुंकवाचं स्वस्तिक अजून पुसलं नव्हतं. शिवाय मांडवाच्या दारात काच फुटणं बरं नाही, असं मागून कुणीतरी पुटपुटलं आणि माझ्या मनाने त्याला मान डोलावली. पाच-दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे, असं मी स्वतःला समजावत राहिले.

मग त्याचं रडणं थांबलं. आम्हाला वाटलं, शांत झाला.

वऱ्हाडाच्या बसचा ड्रायव्हर झाडाखाली झोपला होता, त्याला कुणीतरी उठवलं. तो हातोडी घेऊनच आला. त्याने एकच विचारलं, "लेकरू कोणत्या बाजूनं आहे?" मग तो उलट बाजूला, मागच्या दाराकडे गेला आणि काचेच्या मधोमध नाही, खालच्या कोपऱ्यात घाव घातला. काच साबुदाण्यासारखी खाली सांडली. गमछा गुंडाळलेला हात आत घालून त्याने कळ सोडवली. मूल बाहेर आलं ते लालबुंद, केस निथळणारे, मान माझ्या खांद्यावर टाकलेली. ओल्या कापडाने पुसत, वारा घालत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. तो सुखरूप आहे. दार लागल्यापासून काच फुटेपर्यंत किती वेळ गेला ते मी नंतर फोनमधल्या नोंदींवरून काढलं. चौदा मिनिटं.

काचेबद्दलची माझी भीती कशी खोटी होती, हेही नंतर समजून घेतलं. दाराच्या काचा सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केलेल्या असतात. त्यामुळे बाहेरचा थर आवळलेला आणि आतला ताणलेला राहतो, आणि एका ठिकाणी तडा गेला की सगळी काच बारीक कण्या होऊन पडते. खरचटेल, पण खिडकीच्या साध्या काचेसारखी सुरी होत नाही. मधोमध मारलं तर काच लवते, कोपऱ्यात लवायला जागा नसते. समोरची मोठी काच मात्र वेगळी, दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा असलेली. तिच्यावर घाव घालण्यात वेळ जातो. काही महागड्या गाड्यांत बाजूच्या काचाही तशाच असतात, काचेच्या कोपऱ्यातल्या छापावर ते लिहिलेलं असतं.

आणि ती पाच-दहा मिनिटं! कॅलिफोर्नियातले हवामानतज्ज्ञ जान नल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उन्हात उभ्या गाड्यांचं तापमान मोजून २००५ मध्ये प्रसिद्ध केलं. तासाभरात गाडी बाहेरच्या हवेपेक्षा सरासरी २२ अंशांनी तापली, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. बाहेर जेमतेम २२ अंश असतानाही आत ४७ भरले. आमच्याकडे बाहेरच चव्वेचाळीस होतं. लहान मुलाचं अंग मोठ्या माणसाच्या तिपटीहून अधिक वेगाने तापतं. म्हणजे तो शांत झाला असं आम्हाला वाटलं, तेव्हा खरं काय चाललं होतं ते मला आता माहीत आहे, आणि रात्री मधूनच आठवतं.

गाडीत कुणी नसेल तर मी आजही किल्लीवाल्याची वाट पाहीन आणि दुसऱ्या कुणाला तार खुपसू देणार नाही. दारातून वायरी गेलेल्या असतात. दाराला किल्लीचं भोक असेल तर चिप नसलेली साधी किल्ली कापून पाकिटात ठेवावी. तिने इंजिन सुरू होत नाही, दार उघडतं. पण आत मूल असेल, म्हातारं माणूस असेल, तर एकाने ११२ लावावा आणि दुसऱ्याने त्याच क्षणी काच फोडावी. गाडी कुणाची, हे नंतर. भाऊजी अजून म्हणतात, आणखी पाच मिनिटं थांबलो असतो तरी चाललं असतं. मी त्यांच्याशी याबाबतीत जुळवून घेत नाही.

किल्लीवाला आला तेव्हा आम्ही दवाखान्यात होतो. त्याची फेरी फुकट गेली म्हणून संध्याकाळी पैसे द्यायला गेले, तर घेईना. "ताई, लेकरू आत हाय हे फोनवर सांगतलं असतं, त म्याच म्हटलं असतं, आधी काच फोडा."

त्या वाढप्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी शोधलं. मंडळी पहाटेच दुसऱ्या गावच्या लग्नाला निघून गेली होती. कॅटरर्सकडे नंतर दोनदा फोन केला. सीझनपुरती पोरं येतात, म्हणाले, कोणतं ते कसं सांगणार? सोळा-सतरा वर्षांचा असेल. फरशीचा तुकडा उचलताना त्याने कुणालाही विचारलं नव्हतं. मी हात धरल्यावर तो थांबला, कारण मी वयाने मोठी होते.