काळ्या दगडाचें बेट

सह्याद्रीच्या कुशींत वाढलेल्या माणसास काळ्या दगडाचें कौतुक नसतें. घराचा चौथरा त्याचा, विहिरीचा काठ त्याचा, जातें, पाटा आणि वरवंटाहि त्याचाच. जी वस्तु पावलोपावलीं भेटते तिजकडे दृष्टि ठरत नाहीं, हा मनुष्यस्वभावच होय. या दगडाकडे नीट पाहण्याचा धडा आम्हां तिघां शिक्षकांस स्वदेशापासून फार दूर, हिंदी महासागरांतील मॉरिशस बेटावर, एका जीपगाडींत बसून मिळाला. त्या एका दिवसाच्या प्रवासाचा वृत्तांत आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सादर करीत आहों.

मॉरिशस बेट मादागास्करच्या पूर्वेस, मुंबईपासून साडेचार हजारांहून अधिक किलोमीटर अंतरावर आहे. मुख्य बेटाचें क्षेत्रफळ सुमारें १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या निम्म्याएवढें. सन १५९८ मध्यें डच खलाशी येथें उतरले, १७१५ मध्यें फ्रेंचांनीं ताबा घेतला, १८१० मध्यें इंग्रजांनीं तें जिंकलें, आणि १२ मार्च १९६८ रोजीं तें स्वतंत्र झालें. गांवांचीं नांवें फ्रेंच, बाजारांतील बोली क्रियोल, न्यायालयाची भाषा इंग्रजी, आणि देवळांतून कानीं पडणारे शब्द हिंदी, तमिळ, तेलुगु व मराठी, असा हा विलक्षण संगम आहे. गणेशचतुर्थीस तेथें सार्वजनिक सुटी असते, आणि सरकारी शाळांतून मराठी शिकविली जाते, हें ऐकून आमच्या वाचकांस आनंद वाटेल.

मे महिन्याचे दिवस होते. आपल्याकडे उन्हाळा माथ्यावर असतां तेथें हिंवाळ्यास आरंभ होतो. पश्चिम किनाऱ्यावरील तामारिन गांवाहून उजाडतांच आम्ही निघालों. जीप उंच बांध्याची व चारी चाकांना यंत्राचें बळ पोंचविणारी होती. ती हांकणारे गृहस्थ साठीच्या घरांतले, अंगानें काटक व बोलण्यांत बेताचे. त्यांच्या आज्याचा आजा रत्नागिरीकडून आलेला. लहानपणीं शाळेंत शिकलेली मराठी ते जपून, एकेक शब्द तोलून बोलत. आम्ही शिक्षक आहों हें समजल्यापासून ते आम्हांस ‘गुरुजी’ म्हणूं लागले.

समुद्र मागें टाकून रस्ता वळणें घेत शामारेलच्या डोंगरावर चढला. या भागांतील ‘पितों द ला पतीत रिव्हियेर न्वार’ हें शिखर बेटांत सर्वांत उंच. पण त्याची उंची अवघी ८२८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्मी. तथापि उंचीवरून डोंगराची योग्यता ठरवूं नये. समुद्रांतून एकाएकी उठलेले ते कडे, त्यांवर चढत जाणारें धुकें, आणि दरींतून संथपणें तरंगणारे लांब शेपटीचे शुभ्र समुद्रपक्षी, हें दृश्य पाहतांना आमचें बोलणें आपोआप थांबलें.

शामारेल येथें सात रंगांची माती पाहण्यास मिळते. एका उघड्या उतारावर तांबड्या, तपकिरी, जांभळ्या आणि निळसर मातीच्या लाटा एकीशेजारीं एक पसरल्या आहेत. त्यांवर गवताचें पातेंहि नाहीं. प्रवाशांनीं कुंपणाबाहेरूनच पाहावें असा नियम आहे, व तो योग्यच आहे. या रंगांचें मर्म असें कीं, ज्वालामुखीचा काळा दगड उष्ण व पावसाळी हवेंत लाखों वर्षें कुजत राहिला म्हणजे त्यांतील विरघळणारीं द्रव्यें पाण्याबरोबर वाहून जातात, आणि लोखंड व अॅल्युमिनियम यांचे गंज मागें राहतात. आमच्यांतील एक शिक्षक कोंकणचे. ते चटकन् म्हणाले, “अहो, हा तर आपल्या जांभ्याचा भाऊ!” तें खरेंच होतें. कोंकणांतील जांभा दगडहि अशाच क्रियेनें तयार झाला आहे.

पुढें पठारावर राष्ट्रीय उद्यानाची हद्द लागते. काळ्या नदीच्या दऱ्यांचें हें उद्यान १९९४ मध्यें स्थापन झालें. त्याचें क्षेत्र सुमारें ६,५०० हेक्टर आहे. वरून पाहिल्यास सारें हिरवेंगार दिसतें, परंतु ती हिरवळ सारीच अस्सल नाहीं. मनुष्य येण्यापूर्वीं हें बेट जवळजवळ संपूर्ण अरण्यानें झांकलेलें होतें. आबनुसाच्या काळ्या लांकडासाठीं डचांनीं वृक्ष तोडले, मागाहून उसासाठीं रानेंच्या रानें साफ झालीं. आज चांगल्या स्थितींतील मूळचें अरण्य शेंकडा दोनहूनहि कमी उरलें आहे. उडतां न येणारा डोडो पक्षी माणसाचें पाऊल लागल्यापासून शंभर वर्षांच्या आंत नाहींसा झाला. सुदैवानें त्याच्या मागोमाग सर्वच गेले नाहींत. मॉरिशसच्या लहान ससाण्याचे १९७४ मध्यें रानांत केवळ चार पक्षी उरले असल्याची नोंद आहे; परंतु अंडीं उबवून, पिलें वाढवून तीं पुन्हां रानांत सोडण्याचा उद्योग कांहीं चिकाटीच्या माणसांनीं केला, व आज ते शेंकड्यांनीं मोजतां येतात. जें मनुष्यानें बिघडविलें त्यांतील थोडेंसें तरी मनुष्यासच सुधारतां येतें, ही गोष्ट आम्हांस मोठी धीर देणारी वाटली.

तेथून आम्ही गंगातलावावर गेलों. हें तळें समुद्रसपाटीपासून सुमारें ५५० मीटर उंचीवर, एका विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखांत आहे. महाशिवरात्रीस बेटाच्या कानाकोपऱ्यांतून हजारों यात्रेकरू खांद्यावर कांवडी घेऊन येथवर पायीं येतात. वाटेवर ३३ मीटर उंचीची शंकराची मूर्ति २००७ पासून उभी आहे. ज्या विवरांतून एके काळीं अग्नि उसळत होता, तेथें आतां पहाटेच्या दंवासारखें निश्चल पाणी आणि त्यांत पोहणारे मासे! घाटावर बसून आम्ही डाळपुरी खाल्ली. पिवळी डाळ भरलेली ती मऊ पोळी आपल्या पुरणपोळीची तिखटमिठाची बहीण शोभेल. येथील रस्त्यारस्त्यांवर ती मिळते.

यापुढें पक्का रस्ता सुटला. दक्षिणेच्या उतारावरील एका खाजगी राखीव रानांतून जाण्याचा परवाना आमच्या चालकांनीं आधींच काढून ठेविला होता. जीप चिखलांत, ओढ्यांत व धोंड्यांवरून अशी कांहीं डुलूं लागली कीं, बैलगाडीची सवय असलेल्यांनाहि हात घट्ट धरून बसावें लागलें. एके ठिकाणीं वाट पाण्यानें खचली होती. बाजूस सपाट, मऊ भूमि दिसत असूनहि चालकांनीं चाकें तिकडे वळविलीं नाहींत. खालीं उतरून धोंडे लाविले आणि जुन्याच चाकोरींतून गाडी हळूहळू पार केली. आम्हीं कारण विचारिलें. रोप दाखवून ते म्हणाले, “गुरुजी, हें बोटभर झाड मोठें व्हायला माझें आयुष्य पुरणार नाहीं. चाक मात्र एका क्षणांत जातें.” वाटेच्या दोन्ही बाजूंस चिनी पेरूंचीं लालबुंद फळें लगडलीं होतीं. तीं चवीस आंबटगोड, पण तें झुडूप परदेशांतून आणलेलें असून मूळच्या झाडांचा श्वास कोंडतें. “खा, पोटभर खा,” ते हंसून म्हणाले, “या एकाच झाडाला रानांत ओरबाडायची मोकळीक आहे.”

उतार संपतांच सुयाक गांवाजवळील ग्री ग्री नांवाचा किनारा लागला. मॉरिशसच्या बहुतेक किनाऱ्यास पोंवळ्यांच्या भिंतीचा कोट आहे. त्यामुळें आंतील पाणी तळ्यासारखें शांत राहतें. येथें मात्र त्या कोटास खिंड आहे. महासागराच्या लाटा थेट काळ्या कड्यांवर येऊन आदळतात व त्यांचे तुषार अंगावर उडतात. बेटाचा जो सांगाडा इतरत्र ऊस व झाडी यांखालीं झांकलेला असतो, तो येथें उघडा दिसतो. लाव्ह्याचे थर, त्यांतील बुडबुड्यांचीं भोंकें, सारें कांहीं सह्याद्रीच्या घाटांत पाहिलेलें तसेंच होतें.

तेथून पश्चिमेकडे वळतांना आम्ही उसाच्या शेतांमधील कच्च्या वाटेनें निघालों. उसाला तुरे आले होते. त्या रुपेरी तुऱ्यांमधून मधूनमधून काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग डोकें वर काढून उभे होते; कांहीं तर दोन पुरुष उंच. ते नैसर्गिक नव्हते. दगडावर दगड नीट बसवून रचलेले होते.

“हे कोणीं रचिले?” आम्हीं विचारिलें.

चालकांनीं गाडी उभी केली. “आमच्या लोकांनीं,” ते म्हणाले. “शेत करायचें तर अगोदर दगड वेंचायला पाहिजेत. हातांनीं वेंचले, डोक्यावर वाहिले. घरीं आजी सांगायची, मुलुखांत दलालानें सांगितलें होतें कीं त्या बेटावर दगड उलटला कीं खालीं सोनें सांपडतें. दगड उलटतां उलटतां जन्म गेला. सोनें नाहीं सांपडलें, गुरुजी. ऊस उगवला, तोहि दुसऱ्याचा.”

आम्ही आदल्याच दिवशीं पोर्ट लुईस येथील आप्रवासी घाट पाहिला होता. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत करारानें बांधलेले सुमारें साडेचार लक्ष मजूर या बेटावर आले. त्यांत मोठी संख्या बिहार व मद्रास प्रांताकडील लोकांची, आणि मुंबई बंदरांतून आलेले कोंकणांतील मराठी लोकहि त्यांत होते. बोटींतून उतरून ज्या सोळा पायऱ्या त्यांनीं चढल्या, त्या २००६ पासून जागतिक वारशांत गणल्या जातात. त्या पायऱ्याहि काळ्या दगडाच्याच आहेत.

थोड्या वेळानें त्यांनीं हळूच विचारिलें, “गुरुजी, तुमच्या रत्नागिरीलाहि दगड असाच काळा असतो काय?”

आम्हीं सांगितलें कीं, वर जांभा असतो, खालीं काळाच. आणि मग विद्वानांनीं शोधिलेली हकीकत त्यांस सांगितली, ती अशी. पृथ्वीच्या पोटांत एक फार खोल व बलवान् ऊष्णतेचा स्रोत आहे. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भारताचें भूखंड सरकत सरकत त्याच्या माथ्यावर आलें, तेव्हां त्यांतून लाव्ह्याचे पूर लोटले, आणि थरावर थर चढून आपलें दख्खनचें पठार व सह्याद्रीचे पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर बनले. भूखंड उत्तरेकडे निघून गेलें. स्रोत जागच्या जागीं धुमसत राहिला. त्याच्या वाटेवर समुद्रतळाशीं एक डोंगररांग उठत गेली. मालदीव व चागोस हीं पोंवळ्यांचीं बेटें तिच्याच माथ्यावर वाढलीं आहेत. सुमारें ८०-९० लक्ष वर्षांपूर्वीं त्यानेंच मॉरिशस समुद्रावर उचललें, आणि आज सुमारें २०० किलोमीटर नैर्ऋत्येस रेयुनियों बेटावर ‘पितों द ला फुर्नेझ’ या जागृत ज्वालामुखीच्या रूपानें तोच स्रोत अजून पेटलेला आहे. म्हणजे रायगडचा कडा आणि हा उसांतला धोंडा एकाच चुलीवर शिजलेले आहेत.

ते गृहस्थ बराच वेळ सुकाणूवर हात ठेवून समोर पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे आमचा आजा परक्या दगडांत आला नव्हता.”

यावर काय बोलावें हें आम्हांस सुचलें नाहीं. शास्त्रपुस्तकांतील एक सत्य आम्हीं सांगितलें होतें. त्यांतील दुसरें सत्य त्यांनीं काढून आमच्या हातीं दिलें.

सूर्य कलतां कलतां आम्ही बेटाच्या नैर्ऋत्य टोंकास, ल मोर्न ब्राबां या पर्वताखालीं पोंचलों. ५५६ मीटर उंचीचा हा एकाकी कडा तीन बाजूंनीं समुद्रानें वेढलेला आहे. अठराव्या शतकांत व एकोणिसाव्याच्या आरंभीं मळ्यांतून पळालेले आफ्रिकी व मादागास्करी गुलाम याच्या गुहांत व माथ्यावर आश्रय घेत. १ फेब्रुवारी १८३५ रोजीं बेटावर गुलामगिरी बंद झाली. ती सुवार्ता सांगण्यासाठीं शिपाई कड्याकडे आले, तेव्हां आपणांस धरावयासच येत आहेत असें समजून कित्येकांनीं वरून उडी घेतली, अशी लोकपरंपरा आहे. २००८ पासून हा पर्वतहि जागतिक वारसा आहे. खालीं पांढऱ्या वाळूवर मुलें खेळत होतीं, आणि वर तो कडा मावळत्या उन्हांत तांबूस होऊन हळूहळू काळा पडत होता.

आमच्या मनांत आलें कीं, दगडाला दोष नाहीं व गुणहि नाहीं. तोच दगड एकास लपावयास गुहा होतो, दुसऱ्याच्या डोक्यावर ओझें होतो, तिसऱ्यास किल्ला होतो, आणि चौथ्यास देवाची मूर्ति. पृथ्वीनें तो सर्वांस सारखा दिला. त्यावर कोणीं राबावें आणि पीक कोणीं न्यावें, हें मात्र माणसांनीं ठरविलें. जें माणसांनीं ठरविलें तें माणसांस बदलतांहि येतें, याची साक्ष आज त्याच मजुरांचीं व गुलामांचीं पणतवंडें स्वतंत्र देशांत एका बांकावर बसून शिकत आहेत, ती देतात.

विद्यार्थिमित्रांनो, परदेश पाहण्याचा योग सर्वांसच येतो असें नाहीं, व त्यावांचून कांहीं अडतहि नाहीं. उद्यां सकाळीं शाळेच्या किंवा घराच्या पायऱ्या चढतांना क्षणभर थांबून त्यांतील दगडाकडे पाहा. तो घडण्यास किती काळ लागला याचा विचार करा. आणि मग तो खाणींतून कोणीं काढिला, कोणीं घडविला, कोणीं डोक्यावर वाहून आणिला, हेंहि घरांतील वडील मंडळींस विचारा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर भूगोलाच्या पुस्तकांत मिळेल. दुसऱ्याचें उत्तर पुष्कळदां पुस्तकांत नसतें. तें सांगणारीं माणसें आहेत तोंवरच विचारून घेतलें पाहिजे.