आईचा फोन आणि माझा सर्व्हर

मागच्या उन्हाळ्यात आई सांगलीहून आमच्याकडे डब्लिनला आली होती. तिच्या गोष्टी तिच्याच आवाजात नातवंडांसाठी साठवाव्यात म्हणून मी एक छोटं वेबपान लिहायला घेतलं. (व्हॉट्सॲप होतंच की, म्हणाल. तिथल्या ढिगात दोन वर्षांपूर्वीची गोष्ट शोधून बघा!)

लॅपटॉपवर सगळं झकास. आईच्या फोनवर मात्र माइक सुरूच होईना. ब्राउझर माइक आणि कॅमेरा फक्त सुरक्षित पानाला देतो. लोकलहोस्टला सूट आहे. पण फोनवरून तुम्ही १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या घरातल्या पत्त्यावर साध्या एचटीटीपीने गेलात, की सूट संपली.

म्हणून मध्ये रिव्हर्स प्रॉक्सी बसवायचा. वाड्याच्या दिंडीवरच्या माणसासारखा तो बाहेरच्याशी एचटीटीपीएसने बोलतो आणि निरोप आत, ३००० पोर्टवरच्या आपल्या प्रोग्रॅमला पोचवतो. मी कॅडी घेतला. तीन ओळींत काम झालं. प्रमाणपत्रही तो स्वतःच बनवतो, पण घरचं. आईचा फोन ते कसं ओळखणार? लाल त्रिकोण आला.

"काही नाही गं, पुढे जा म्हणून दाब."

"असं लाल आलं की दाबायचं नाही, हे तूच सांगितलंयस ना?" आईने फोन खाली ठेवला.

बँकेच्या नावाने येणाऱ्या खोट्या लिंकांवरून मीच तिला पढवलं होतं. माझं मूळ प्रमाणपत्र तिच्या फोनमध्ये घालता आलं असतं. पण त्याची किल्ली माझ्या लॅपटॉपवरून कुणी उचलली, तर तिची बँक असल्याचं सोंग त्याला सहज आणता येईल. फोन अशा मोजक्याच मूळ प्रमाणपत्रांवर विसंबतो. त्यांतलं एक इथलं होतं, डब्लिनच्या बाल्टिमोर टेक्नॉलॉजीजच्या नावाचं, मे २००० मधलं. कंपनी केव्हाच लयाला गेली. प्रमाणपत्राची मुदत मे २०२५ पर्यंत होती.

शेवटी माझं जुनं डोमेन कामी आलं. ते आपलं असल्याचं डीएनएसमधल्या नोंदीने दाखवलं, की लेट्स एन्क्रिप्ट फुकट प्रमाणपत्र देतं. सर्व्हर इंटरनेटवर उघडा टाकावा लागत नाही. कॅडीला त्यासाठी आपल्या डीएनएस सेवेचं प्लगिन जोडावं लागतं. नावाचा पत्ता मात्र घरातलाच, १९२.१६८चा. असा पत्ता सांगायला राउटर आधी नकार देत होता. त्यात एक संध्याकाळ गेली. आणि नाव जपून ठेवा, प्रमाणपत्रांच्या जाहीर नोंदींत ते कुणालाही दिसतं.

आईच्या विमानाला चार दिवस उरले होते. पान इशाऱ्याविना उघडलं. माइकची परवानगी मागणारा चौकोन तिने दोनदा वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि बोट टेकवलं.

सात गोष्टी मिळाल्या. पहिलीत मागे कुकरची शिट्टी आहे.