एका पोकलेनची गळती

आमच्या जालना जिल्ह्यांत, व बहुधा सर्व महाराष्ट्रांत, सांखळीच्या पट्ट्यावर चालणाऱ्या खोदाईयंत्रास लोक पोकलेन म्हणतात. मग तें कोणत्याही कारखान्यांत तयार झालेलें असो. पोकलेन हें वस्तुतः फ्रान्समधील एका कंपनीचें नांव. जॉर्ज बाताय नांवाच्या गृहस्थानें ती १९२७ सालीं काढिली. शेतीचीं अवजारें करतां करतां तिनें १९५१ सालीं तेलाच्या दाबावर चालणारें खोदाईयंत्र बनविलें, आणि पुढें लार्सन अँड टुब्रो कंपनीनें तिच्याशीं करार करून तशीं यंत्रें भारतांत तयार केलीं. विशेषनामाचें सामान्यनाम कसें होतें याचें उदाहरण वर्गांत द्यावयाचें झाल्यास याहून सोपें आम्हांस सुचत नाहीं.

नांवाचें असो. या यंत्राचें सामर्थ्य कोठें आहे म्हणाल, तर तें कोंडलेल्या तेलांत आहे. बंद भांड्यांतील द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हा पास्कलचा नियम आमचे विद्यार्थी पाठ म्हणतात. पास्कल १६६२ सालीं वारला व त्याचा या विषयावरील ग्रंथ दुसऱ्या वर्षीं छापून निघाला. पण तो नियम असा कामास लागावयास सवाशें वर्षांहून अधिक काळ जावा लागला. १७९५ सालीं इंग्लंडांत जोसेफ ब्रामा यानें पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. त्याची अडचण सिद्धान्ताची नव्हती, गळतीची होती. दट्ट्याच्या कडेनें पाणी निसटे, आणि कड घट्ट आवळली तर दट्ट्याच हलेना. त्याच्या कारखान्यांतील हेन्री मॉडस्ले या तरुण कारागिरानें चामड्याचें वाटीसारखें कडें बसवून ही अडचण सोडविली असें सांगतात. पाण्याचा दाब वाढे तसें तें कडें आपोआप घट्ट बसे, व दाब उतरला कीं सैल पडे. डोंगर फोडणाऱ्या आजच्या यंत्रांचाही जीव अशाच कड्यांत आहे. आतां तें रबराचें किंवा पोलादाचें असतें, आणि कारागीर त्यास सील म्हणतात.

बदनापूर तालुक्यांतील आमच्या गांवीं एक पाझर तलाव आहे. १९७२ च्या दुष्काळांत बायाबापड्यांनीं डोक्यावर घमेलीं वाहून त्याचा बांध घातला. त्यांपैकीं कांहीं म्हातारीं माणसें अद्याप हयात आहेत, आणि बांधाचा कोणता भाग कोणाच्या टोळीनें केला हें तीं बोट दाखवून सांगतात. अशा तलावांतील पाणी उपसून वापरावयाचें नसतें. तें जमिनींत मुरून खालच्या विहिरींस मिळावयाचें असतें. तळाशीं काळ्या मातीचा गाळ बसला कीं मुरणें थांबतें, भरलेला तलाव उन्हानें आटून जातो व विहिरी कोरड्याच राहतात. २०१२ सालीं पाऊस रुसला व पुढच्या उन्हाळ्यांत आमच्या जिल्ह्याचे जे हाल झाले ते येथें सांगावयास नकोत. जालना शहराच्या घाणेवाडी तलावाचा गाळ त्या वेळीं लोकांनीं पदरमोड करून काढला, आणि तेव्हांपासून गाळ काढण्याचें महत्त्व खेडोपाडीं कळूं लागलें. आमच्या गांवानें मात्र तें गेल्या उन्हाळ्यापर्यंत मनावर घेतलें नव्हतें.

यंत्र आणलें तें आमच्याच एका माजी विद्यार्थ्याचें. तें सोळा वर्षांचें, दोन हात बदललेलें, आणि त्याच्या कर्जाचे हप्ते अजून चालूं होते. डिझेल गांवाच्या वर्गणीतून, गाळ शेतकऱ्यांनीं आपापल्या ट्रॅक्टरनें न्यावयाचा, असा ठराव होता. निम्मा तलाव मोकळा झाला आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यांत डाव्या पट्ट्याच्या दांतेरी चाकाशीं तेल गळूं लागलें. ऑपरेटर रोज सकाळीं टाकींत तेल ओती व संध्याकाळपर्यंत तें मातींत जाई. ती माती त्याच तलावाची, आणि त्याच तलावाचें पाणी विहिरींतून आमच्या घागरींत येणार! आम्हीं ती माती खरवडून बाजूला काढावयास लावली. पण तो कांहीं उपाय नव्हे.

सरपंच घाईस आले होते. "सर, तुम्ही सांगा त्याला. मिरगाला पंधरा दिस राह्यले. बाहेरचं सील बदल म्हणा, अन् चालू दे." आमचा विद्यार्थी खालीं मान घालून म्हणाला, "सर, तेच तर दोन महिन्यांपूर्वी बदललंय." कोठें बदललें होतें, तें लिहिण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं.

शेवटीं जालन्याहून एक वृद्ध मिस्त्री आले. त्यांस सगळे चाचा म्हणतात. त्यांनीं आधीं हत्यार उचललें नाहीं. यंत्राभोंवतीं दोनदां फिरले, बकेट जमिनीवर टेकवून घेतली, इंजिन बंद करवून टाकींतील दाब सोडविला. एक पोरगा गळतीवर बोट ठेवूं पाहत होता, त्याच्या हातावर त्यांनीं फटका मारला, तो आम्हांस फार आवडला. दाबाखालील तेलाची सुईएवढी धार कातडींतून आंत शिरते. प्रथम दुखतही नाहीं, आणि मागाहून शस्त्रक्रिया करण्याची पाळी येते. गळती शोधावयाची ती पुठ्ठ्याच्या तुकड्यानें, हातानें कधींही नव्हे.

पट्टा फिरविणारी मोटर व तिच्या पुढचा दांतेरी चक्रांचा डबा हीं दोन निराळीं घरें आहेत. मोटरींत पातळ हायड्रोलिक तेल, डब्यांत दाट गिअर तेल, आणि दोहोंच्या मध्यें दांड्याभोंवतीं एक छोटें सील. डबा फिरतो व मोटर स्थिर असते. त्या सांध्यावर बाहेरचें मोठें सील. मोटर चालतांना आंतल्या आंत थोडें तेल झिरपतेंच. तें एका बारीक नळीनें टाकीकडे परत जातें. त्या नळीस ड्रेन लाइन म्हणतात. ती सर्व नळ्यांत कमी दाबाची, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाहीं.

चाचांनीं डब्याची पातळी पाहण्याचा बोल्ट सैल केला तों पातळ तेलाची चिळकांडी उडाली. "सर, तेल हितं दिसू राह्यलं, पर दुखणं आत हाय," ते म्हणाले. मोटरींतील तेल मधलें सील फोडून डब्यांत शिरलें होतें, आणि डबा भरल्यावर बाहेरच्या सिलास रेटूं लागलें होतें. आतां मोटरच झिजली असेल तर नवी घ्यावी लागणार. तिची किंमत ऐकून आमचा विद्यार्थी बांधावर खालींच बसला. चाचांनीं बकेटच्या जोरावर डावी बाजू उचलून पट्टा अधांतरीं केला, ड्रेन लाइन मोटरीपासून सोडवून टाकीकडचें तोंड बंद केलें, मोटरीचें तोंड बादलींत धरलें आणि एक मिनिट पट्टा फिरवून तेल मोजलें. मग उजव्या बाजूस तेंच केलें. दोन्ही मापें जवळजवळ सारखीं भरलीं. मोटर धड होती.

मग मधलें सील फुटलें कां? चाचांनीं सोडवलेली ड्रेन लाइन हातांत घेऊन टाकीकडच्या बाजूनें फुंकली, हवा गेली. उलट बाजूनें फुंकली, गेली नाहीं. चाकूनें चिरून पाहिली तों आंतलें अस्तर सुटून झडपेसारखें दुमडलेलें. पूर्वीं कोणीतरी स्वस्त नळी बसविली होती. परतीचा रस्ता बंद, म्हणून मोटरीच्या घरांत दाब, म्हणून मधलें सील गेलें, म्हणून डबा भरला, म्हणून बाहेरचें सील गळलें. बाहेरचें सील शंभरदां बदललें असतें तरी शंभरदां गळलें असतें.

उघडणें आतां अटळ होतें. पट्ट्याचा ताण सोडतांना ग्रीसच्या तोटीसमोरून सर्वांस हटविलें. तेथील दाबानें ती गोळीसारखी उडूं शकते. पट्टा उतरला, डब्याचें झांकण काढलें, तेल पातेल्यांत घेऊन त्यांत लोहचुंबक फिरविला. करडी राळ चिकटली, लोखंडाचा तुकडा एकही नाहीं. म्हणजे चक्रें शाबूत. बाहेरच्या सिलाच्या दोन पोलादी कड्या समोरासमोर घासून चालतात, व त्यांच्या घासण्याची चकाकती बारीक रेघ नव्या कडीवर बाहेरच्या कांठाशीं असते; झिजेल तसतशी ती आंत सरकते. चाचांनीं कडी पुसून आमच्यापुढें धरली. रेघ बाहेरच्या कांठाशींच होती. "बघा सर, कडी नवीच हाय. हिचा काय गुन्हा?"

तरी त्यांनीं ती परत वापरली नाहीं. जोडी मोडली कीं दोन्ही कड्या नव्या, हा त्यांचा नियम. रबर कोरडें, पीळ न पडतां सारखें बसविलें. फक्त घासणाऱ्या तोंडांवर तेलाचा पातळ हात. दांड्यावर जुन्या सिलाच्या ओठानें चर पाडला होता, म्हणून नवें सील त्यांनीं केंसभर पुढें बसविलें, कीं ओठ ताज्या जागेवर यावा. या सर्वांस दोन दिवस व एक रात्र लागली. दुसऱ्या दिवशीं सरपंच तीनदां येऊन गेले, तिसऱ्यांदां मात्र सर्वांसाठीं चहा घेऊन. नवी ड्रेन लाइन जालन्याहून आली, तिच्यावर चाचांनीं सर्वांत अधिक वेळ घालविला. कोठें मुरगळत नाहीं, कोठें घासत नाहीं, हें पाहिलें. जोडण्यापूर्वीं त्यांनीं मोटरीच्या घरांत ड्रेनच्या तोंडानें स्वच्छ तेल भरलें. तें न भरतां इंजिन सुरू केलें तर कोरडी मोटर पहिल्या मिनिटांतच जळते, आणि केलेली सारी मेहनत तिच्याबरोबर जाते. पट्टा अधांतरींच ठेवून दहा मिनिटें सावकाश, पुढें व मागें, फिरविला. चाकाखालीं अंथरलेला पुठ्ठा कोरडा राहिला.

मजुरी देतांना आमच्या विद्यार्थ्यानें हातांतली सर्व रक्कम पुढें केली. चाचांनीं ठरलेली तेवढी मोजून घेतली आणि चिरलेली ड्रेन लाइन त्याच्या केबिनमध्यें सीटच्या मागें अडकवून दिली.

त्यानंतर यंत्र अकरा दिवस चाललें. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्रीं तलावाचा पूर्वेकडील भाग मोकळा होता. पश्चिमेकडील तिसरा हिस्सा राहिला, तो आतां येत्या उन्हाळ्यांत. दिवाळीनंतर खालच्या दोन विहिरींची पातळी आम्हीं दोरानें मोजली. पूर्वेकडचीला सात हात पाणी होतें, पश्चिमेकडचीला तीन.