गोंदाला हात लावू नकोस

चिंचवड, शनिवार रात्र

चि. निरंजन,


फोनवर तू विचारलंस, "मामा, एबीएसला कोणता गोंद लागतो?" आणि मी "बघून सांगतो" म्हणून फोन ठेवला. त्यात बघायचं काय होतं? उभा जन्म प्लॅस्टिकचे साचे करण्यात गेला, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. एमईके चालतं, अ‍ॅसिटोनही चालतं. दोन्हींनी एबीएस विरघळतं, दोन तुकड्यांचं प्लॅस्टिक एकमेकांत मिसळतं आणि वाळल्यावर सांधा म्हणून काही राहत नाही. झटपट चिकटणारे गोंदसुद्धा धरतात, फक्त त्यांची वाफ आजूबाजूला पांढरट डाग धरते. झालं तुझं उत्तर. आता ते मी फोनवर का दिलं नाही ते ऐक. मामी म्हणते तसं "मामा सुरू झाले" म्हणून पत्र अर्ध्यावर ठेवू नकोस.

तुझं पुढचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. "निदान एक वस्तू तरी न मोडणारी असू दे." हसत म्हणालास. ते हसणं मी ओळखतो. नाशिकहून सामान घेऊन आलास तेव्हाही असाच हसत होतास आणि तुझी आई ओट्याशी तोंड करून उभी होती.

असो. आधी कौतुक. तुझा लेगोचा टाइपरायटर फारच देखणा झालाय. ताईने व्हिडिओ पाठवला होता. तिला तो करडट हिरवा रंग आवडला, पण बाकी तक्रारच. "सगळ्या कळांना एकच दांडी वर येते रे! मग क कुठला आणि ख कुठला?" चाळीसच्या स्पीडची परीक्षा दिलेली बाई ती, तिला कसं पटणार. मी तिला सांगितलं, बाई गं, 2079 तुकड्यांत एक दांडी उडते, गाडा सरकतो, रुळात खराखुरा कागद जातो, एवढं पुष्कळ झालं. 2021 साली आला तो सेट. मूळ कल्पना कंपनीच्या माणसाची नव्हेच, इंग्लंडातल्या एका हौशी माणसाची. आणि नमुना कुठला, तर कंपनीचा संस्थापक स्वतः जो जर्मन टाइपरायटर वापरायचा, त्याचा. (किंमत मात्र ताईला अजून सांगितलेली नाही. तूही सांगू नकोस. तिला वाटतंय दोन-अडीच हजारांचा असेल.)

आता तू विचार कर. चालणारं यंत्र आहे ते. कळेखालच्या दांड्या, त्यांचे खिळे, गाड्याची ओढ, सगळं हलतं राहिलं तरच त्याला अर्थ. एक थेंब भलत्या फटीत गेला की तुझ्याकडे टाइपरायटरच्या आकाराचा पेपरवेट उरेल.

पण हे झालं वरवरचं. माझं खरं दुखणं निराळं आहे.

मागच्या वेळी तू इथे विसरून गेलास ना, ती लाल आठ बटणांची वीट, ती मी भिंग लावून बघितली. सवय. आधी आत बघितलं. पोटात बारीक आकडे असतात, साच्याचा आणि कॅव्हिटीचा नंबर. म्हणजे उद्या एखादी वीट सैल निघाली तर कुठल्या साच्यातल्या कुठल्या खोबणीने घात केला ते शोधता येतं. हे बघून मला किती बरं वाटलं तुला कळणार नाही. मग मायक्रोमीटर काढला. बटणाचा व्यास 4.8 मिलिमीटर, एका बटणापासून दुसऱ्यापर्यंत 8, बटण सोडून विटेची उंची 9.6. माळ्यावरच्या डब्यातली एक जुनी वीट काढली, तुझ्या बाबांनी मस्कतहून आणलेल्यांपैकी. मायक्रोमीटर दोघींत भेद करायला तयार होईना. दोन्ही एकमेकींवर ठेवून दाबल्या. टक्.

त्या टक् मध्ये काय आहे सांगू? एबीएसचा दाणा आधी वाळवतात, सव्वादोनशे अंशांच्या वर तापवतात, दाबाने साच्यात भरतात. थंड होताना तो हजारी पाचाच्या आसपास आकसतो, म्हणून साचा तेवढा मोठा कापायचा. पण माल सगळीकडे सारखा आकसत नाही. जाड भागात जास्त, पातळ भागात कमी, आणि खरा घोळ तिथेच होतो. तो सांभाळून बटण असं काढायचं की खालची नळी आणि भिंत यांच्यामधल्या जागेपेक्षा ते केसभर जाड भरावं. दाबलं की भिंत किंचित फाकते आणि बटणाला धरते. ओढलं की सोडते आणि आपल्या जागी परत येते. पुन्हा दाब, पुन्हा धरते. लहान पोराच्या बोटांनी सुटली पाहिजे आणि उचलताना गळून पडता कामा नये, या दोन अटींच्या मधली जागा मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावी लागते. टूलरूममध्ये प्रेस फिट करणारे ढिगाने मिळतात. हातोडी असली की भागतं. घट्ट बसून हाताने सुटेल असा फिट द्यायला सांग, भले भले पोरगे कॅन्टीनकडे निघतात.

आणि हे त्या डॅनिश मंडळींना पहिल्या झटक्यात जमलं नव्हतं. बिलुंडचा ओले किर्क क्रिस्तियानसेन मुळात सुतार. 1932 पासून लाकडी खेळणी करायला लागला. 1942 साली कारखाना जळाला, पुन्हा उभा केला. प्लॅस्टिकच्या पहिल्या विटा 1949 च्या, त्याही इंग्लंडातल्या किडिक्राफ्टच्या विटा बघून केलेल्या. आमच्या धंद्यात याला कोणी नावं ठेवत नाही, बघूनच सगळे शिकतात. पुढे तू त्यात काय भर घालतोस ते बघायचं. त्या विटा आतून पोकळ होत्या. नुसत्या भिंतींनी धरायच्या, म्हणजे धड धरायच्याच नाहीत. उंच काही रचलं की लडबडायचं. आतल्या नळ्या मुलाला, गॉटफ्रेडला, सुचल्या आणि त्याने 28 जानेवारी 1958 ला पेटंटचा अर्ज टाकला. बाप त्यानंतर काही आठवड्यांतच गेला. 1960 मध्ये लाकडी खेळण्यांचं गोदाम जळालं, तेव्हा त्यांनी लाकूड सोडलं ते सोडलंच. एबीएस तर 1963 मध्ये आलं, त्याआधीचं सेल्युलोज अ‍ॅसिटेट वाकायचं. म्हणून 1958 ची वीट आजच्या विटेवर बसते असं ते सांगतात तेव्हा मी आपला मनात म्हणतो, बसत असेल बाबा, वाकलेली नसली तर.

सांगायचं काय, एवढा खटाटोप त्यांनी केला तो वीट सुटावी म्हणून. नुसती धरायलाच हवी असती तर त्या सुताराच्या घरात सरसाची वाण होती का? मोठ्या सेटांमध्ये ते नारिंगी हत्यार देतात, विटा सोडवायचं. कंपनी स्वतः सोडवणीचं अवजार हातात देते आणि तू माझ्याकडे गोंद मागतोस!

तू म्हणशील, लेगोलँडमध्येही चिकटवतात. चिकटवतात, मला माहीत आहे. 1968 पासून बिलुंडला ती इवलीशी गावं उघड्यावर ऊनपाऊस खात उभी आहेत, रोज हजारो माणसं त्यांच्याजवळून जातात. तुझा टाइपरायटर बाणेरच्या सातव्या मजल्यावर कपाटात आहे. तिथे कोणता वारा येतो?

आणि एक हिशोब ऐक, गणिताची तुला आवड म्हणून सांगतो. तशाच आठ बटणांच्या, एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या तर त्या एकमेकींना किती तऱ्हांनी जोडता येतील? कंपनी पूर्वी दहा कोटींच्या आसपासचा आकडा सांगायची. पुढे कोपनहेगन विद्यापीठातल्या सोरेन आयलर्स नावाच्या गणितज्ञाने हिशोब नीट लावला. कंपनीने सहाच्या सहा विटा एकीवर एक धरल्या होत्या, शेजारी-शेजारी बसणाऱ्या रचना मोजल्याच नव्हत्या. संगणकावर मोजून आकडा आला 91,51,03,765. सहा विटांच्या एक्क्याण्णव कोटी तऱ्हा! गोंद लावलास की उरते एक.

हल्ली सगळीकडे हेच चाललंय, म्हणून चिडतो मी. मामीचा मिक्सर बंद पडला. नुसता कार्बन ब्रश झिजला असणार, आवाजावरून मला कळत होतं. तळ उघडायला गेलो तर स्क्रूच नाही, दोन्ही भाग वितळवून एक केलेले. दुरुस्तीवाला म्हणतो, "आजोबा, हा उघडत नाही, नवा घ्या." फोनची बॅटरी चिकटवलेली, चष्म्याची काडी चिकटवलेली. गेल्या महिन्यात सोसायटीत एकाने नवं फर्निचर केलं, सगळं भिंतीला चिकटवून. वाळवी लागली तेव्हा भिंतीसकट काढलं. उघडता न येणारी वस्तू मला वस्तू वाटतच नाही रे. तिच्याशी पुढे काही बोलणंच राहत नाही. आणि माणसं ती घेऊन वर म्हणतात, मेंटेनन्स-फ्री!

तुला आपला दिवाळीतला मातीचा राजगड आठवतो? तू तिसरी-चौथीत असशील. बालेकिल्ल्याची माती घसरत होती म्हणून आपण आत विटांचे तुकडे घातले होते, वर हळीव पेरले होते. तुळशीचं लग्न झालं, मी फावडं घेतलं आणि तू आडवा झालास. काय भोकाड पसरलं होतंस, शेजारचे कुलकर्णी बाहेर आले. तुझे बाबा म्हणाले, "ठेवा की वर्षभर, काय बिघडतं?" मी ऐकलं नाही. पुढच्या दिवाळीला त्याच मातीचा प्रतापगड केलास तू, आणि बुरूज कसा उभा राहतो ते मला शिकवायला लागलास. राजगड तसाच ठेवला असता तर प्रतापगड कुठे बांधणार होतास, जिन्यात?

तुम्हा मोठ्या खेळाडूंचं ते 'डार्क एज' मी ऐकलंय, लहानपणीचा खेळ सुटतो तिथपासून पुन्हा हातात घेईपर्यंतचा काळ. माझ्या नशिबी तो आलाच नाही. मला पगार देऊन हेच करायला बसवलं होतं. तुझा बराच लांबला. चाळिशीत तू पुन्हा विटा हातात घेतल्यास याचा मला इतका आनंद झाला होता, खरं सांगतो. आता त्या काळ्या खोक्यांवर अठरा वर्षांपुढील असं छापतात म्हणे, म्हणजे कोणी हसायचं कारण नाही. तुझ्या ऑफिसातला तो जो कोण हसला, त्याला एक दिवस माझ्याकडे घेऊन ये.

पण निरंजन, आनंद झाला होता असं लिहिलं बघ, झाला होता. ताई सांगते तू रात्री दोन-दोनपर्यंत बसतोस. पिशव्यांवर नंबर असतात, पहिली पिशवी संपली की दुसरी, दुसरी संपली की तिसरी. पुस्तकात बघायचं, तुकडा शोधायचा, दाबायचा. त्यात काही चुकत नाही, कोणी काही बोलत नाही. मला कळतं ते. पण सगळ्या पिशव्या संपल्यावर तू दुसरं खोकं मागवलंस, ते झाल्यावर तिसरं, आणि एकही सोडून त्याचं स्वतःच्या मनाने काही केलं नाहीस. लहानपणी तू पुस्तकाला हात लावायचा नाहीस. त्या मस्कतच्या डब्यातून तू बैलगाडी केली होतीस, तिला तीन चाकं होती आणि ती चालायची. आता सगळी खोकी ओळीने कपाटात आणि त्यावर गोंद. मला हे बरं लक्षण वाटत नाही. नाशिकच्या बाबतीत मी तुला कधी काही विचारलं नाही, आताही विचारत नाही. पण तू तिथली किल्ली अजून जुडग्यात ठेवली आहेस, तीही मी बघितली आहे.

जेवतोस का वेळेवर? डबा बंद केलास असं ताई म्हणाली. झोपेच्या गोळ्या कोणी लिहून दिल्या, डॉक्टरने की मेडिकलवाल्याने? हे मला स्पष्ट कळव, उगाच "ठीक आहे मामा" नको.

रविवारी ये. टाइपरायटर घेऊन ये, गाडीत पुढच्या सीटवर ठेव, बेल्ट लाव त्याला. आपण ताईसमोर तो पुरता सोडवू, बघू ती किती आरडाओरडा करते. मग त्याच 2079 तुकड्यांतून काय होतं ते तू ठरव. पुस्तक मी लपवून ठेवणार आहे. मामीने पुरणपोळी करायचं कबूल केलंय, पण तू येणार हे शुक्रवारपर्यंत नक्की सांग, तिला डाळ भिजवायची असते.

तुझा,
मामा

ता. क. मस्कतचा डबा मी खाली काढलाय. विटांवर धूळ आणि कसलं तरी तेल बसलंय. मामी त्या वॉशिंग मशीनमध्ये टाकायला निघाली होती, अडवलं. 40 अंशांच्या वर पाणी चालत नाही, आणि गच्चीत उन्हातही वाळवायच्या नाहीत, पांढऱ्या पिवळ्या पडतात. तूच ये आणि धू. रात्री नऊच्या आत फोन कर, नंतर मी कानातलं यंत्र काढून ठेवतो.