वाळूवरचे बिऱ्हाड

सरकारी नोकराला संसाराचे वजन बदलीचा हुकूम हाती पडल्यावरच कळते. परंतु मुलांमाणसांसह चार रात्री तंबूत काढावयाच्या ठरल्या, म्हणजे आवश्यक कोणते आणि केवळ सोयीचे कोणते, याचा निवाडा अधिकच कठोरपणे करावा लागतो.

आम्ही वाराणसीस आल्यापासून माघमेळ्यात प्रयागी राहावे, हा आईचा ध्यास होता. संगम येथून सव्वाशे किलोमीटरांच्या आत. पौष पौर्णिमेपासून माघी पौर्णिमेपर्यंत कल्पवासी तेथील वाळूवर राहतात. एकभुक्त असतात, भुईवर निजतात, तंबूपाशी तुळस लावतात, जव पेरतात. आईचे वय चौऱ्याहत्तर, तिची छाती नाजूक. धाकटा सात वर्षांचा. आणि रात्री पारा कित्येकदा दहा अंशांखाली उतरणारा. तेव्हा महिन्याऐवजी चार रात्री ठरल्या आणि कचेरीतील सवयीप्रमाणे मी यादी करावयास बसलो.

यादीत रजयाच रजया पाहून आई म्हणाली, "अरे, अंगावर काय घ्यायचे ते आम्ही पाहू. अंगाखाली काय आहे, ते तू पाहा." तरुणपणी ती आळंदीहून पंढरीस दिंडीबरोबर चालत गेली होती, राहुटीतल्या ओल्या जमिनीने तिला हे शिकविले होते. अंगाच्या भाराने गादीतील हवा दबते आणि जमीन ऊब ओढून घेते. म्हणून ओल अडविण्यास ताडपत्री, तिच्यावर वीतभर पेंढा, मग सतरंजी आणि घोंगडी, असा क्रम आम्ही ठरविला.

शेगडी मात्र यादीतून गेली. बंद तंबूत निखाऱ्यांचा विषारी वायू वासावाचून माणसाला निजवितो. आणि आगीचे भय निराळेच. १९ जानेवारी २०२५ रोजी महाकुंभात तंबूंना लागलेली आग पुष्कळांना आठवत असेल. बरोबर दशम्या, मेतकूट आणि पोहे घेतले.

तंबू भाड्याचा होता. दोर आणि रिकामी पोती मात्र आम्ही नेली. वाळूत आखूड मेख धरत नाही. वाळूने भरलेले पोते पुरून त्यास तणावा बांधावा लागतो. विजेरी प्रत्येकाची वेगळी घेतली, कारण शौचास उठणारा म्हातारा जीव दुसऱ्यास उठविण्याच्या संकोचाने अंधारातच चालू लागतो. धाकट्याच्या खिशात आमचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी आणि गळ्यात शिट्टी. दाराची फट रात्रीही थोडी उघडी ठेविली; नाहीतर श्वासाचे दव कापडावरून अंथरुणावर ठिबकते.

सारे सामान दोन वळकट्या आणि एका पिशवीत मावले. पहिल्या रात्री मी दोनदा उठून आईच्या श्वासाचा कानोसा घेतला. दुसऱ्या रात्री उठलो नाही. घरातील सर्वांत अशक्त माणसास निवांत झोप लागली, की यादी पुरी झाली असे समजावे.