लंडनचा सूर्य आणि दिग्रसचं घड्याळ



आम्ही परत आल्यापासून मंदिरात जी भेटते ती एकच विचारते, "काकू, खाण्यापिण्याचं कसं केलं हो?" लंडन कसं होतं, हे नंतर. म्हणून आज फक्त पहिल्या दिवसाचं लिहिते. पुढच्या दिवसांचं त्यावरून तुम्हीच ओळखाल.

आमचं दिग्रसला खत-बियाण्यांचं दुकान. मृग लागला की श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि पुढे कापूस घरात येईपर्यंत उधारीच्या वह्या. आम्हाला मोकळा असा एक मे महिनाच, आणि तेव्हा आपल्याकडे पारा चव्वेचाळीसच्या वर. मुलाने पुण्याहून परस्पर टूरचे पैसे भरले, तेव्हा हे आठ दिवस गप्प होते. कारण मला ठाऊक होतं. सासूबाईंनी दिग्व्रत घेतलं होतं. उत्तरेला हिमालय, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, पूर्वेला शिखरजी, पश्चिमेला गिरनार. त्यापलीकडे जायचं नाही आणि तिकडची वस्तू मागवायचीही नाही. त्यांच्या पूजेच्या वहीत पहिल्या पानावर हे लिहिलेलं आहे. आम्ही दोघांनी ते व्रत घेतलेलं नाही, त्यामुळे मोडण्याचा प्रश्न नव्हता. पण आईने आखलेली रेघ लेकाला ओलांडणं जड जातंच. १८९३ साली वीरचंद गांधी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला गेले, तेव्हा समुद्र ओलांडला म्हणून समाजात केवढा गदारोळ झाला होता! आता आपल्याच घरांतली मुलं अमेरिकेत आहेत आणि कोणी काही बोलत नाही. यांच्या मनातला गदारोळ मात्र शिल्लक होता.

सामानात खाकरे, साळीच्या लाह्यांचा चिवडा, खजूर आणि पाणी गाळायचे दोन नवे छन्ने. दूध आणि दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत, तेव्हा पेढे-बर्फी बांधू नका, विमानतळावर काढून टाकावं लागेल. विमानात जैन जेवण आधी कळवलं तर मिळतं. आमचं आलंही, पण मध्यरात्री. खिडकीबाहेर काळोख, ताट समोर. हवाई सुंदरीला हात जोडले आणि ते परत पाठवलं. पहाटे ऊन दिसल्यावर थोडी फळं घेतली.

हीथ्रोहून पिकॅडिली लाइनच्या गाडीने तासाभरात रसेल स्क्वेअरला आलो. जमिनीखालून धावणारी ती गाडी बघून हे म्हणाले, "आपला कापूस यांच्याकडे पोचावा म्हणून यांनी आपल्याला शकुंतला दिली, आणि स्वतःला हे." यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला धावू लागली, ही मंडळी तेव्हाही जमिनीखालून जात होती. खोली दुपारी मिळणार होती. बॅगा ठेवल्या, बागेत बाकावर बसून दोन-दोन खाकरे खाल्ले. ऊन होतं, पण आपल्या डिसेंबरातल्यासारखं. टूरची मंडळी दुसऱ्या दिवशी येणार होती, म्हणून तो दिवस आमचा दोघांचाच होता.

आता देवदर्शनाचं. माझा नियम आहे, दर्शन झाल्याशिवाय अन्न नाही. माताजींकडून घेतानाच प्रवासाची सूट मागून घेतली होती, की मंदिर नसेल तिथे नऊ वेळा णमोकार. ज्या मुली आता नियम घेत आहेत त्यांनी ही सूट आधीच बोलून घ्यावी. नंतर मनाने काढलेल्या सवलतींना काही अर्थ नसतो.

तिथून ब्रिटिश म्युझियम चालत पाच-सात मिनिटं. तिकीट नाही. आत भारताच्या दालनात धारची अंबिका उभी आहे, नेमिनाथांची यक्षी. पांढऱ्या संगमरवराची, साधारण चार फूट. ती १८७५ साली धारमध्ये सापडली. खाली संस्कृत लेख कोरलेला आहे, संवत १०९१ चा, म्हणजे इसवी सन १०३४. ही भोजशाळेची वाग्देवी की आपली अंबिका, यावर आपल्याकडे वाद चालतो. लेखात वाग्देवीचा उल्लेख आहे, पण ही मूर्ती अंबेची म्हणूनच घडवल्याचं त्यात म्हटलं आहे. अंबिकेची कथा तुम्हाला माहीत आहे. मुनींना आहार दिला म्हणून सासरच्यांनी दोन लेकरांसह घराबाहेर काढलेली बाई. लहानपणी मला तिच्या नवऱ्याचाच राग यायचा, तो पुढे सिंह होऊन तिचं वाहन झाला तरी.

खंडित मूर्ती, अभिषेक नाही, पूजा नाही. हे दर्शन नव्हे, हे मला कळत होतं. तरी हात जोडले गेले. हे मात्र वाकून बुटांची नाडी सोडू लागले. शाळेची मुलं बसली होती चित्रं काढत, ती बघायला लागली. मी म्हटलं, "अहो, राहू द्या." यांनी दोन्ही बूट काढून बाजूला ठेवले, तसेच मोज्यांवर उभे राहिले. कोणी काही बोललं नाही.

बाहेर पायऱ्यांवर आलो तेव्हा लंडनचे सव्वादोन वाजले होते. म्हटलं, चला, काहीतरी खाऊन घेऊ. यांनी मनगट पुढे केलं. यांनी घड्याळ बदललंच नव्हतं! दुकानात फोन करायला बरं पडतं म्हणून दिग्रसची वेळ तशीच. पावणेसात. "आपल्याकडे सूर्य मावळला. आता उद्या."

आधी मला हसू आलं. मग यांच्या कपाळावरचा घाम दिसला. यांना साखरेचा त्रास आहे, सकाळची गोळी घेतलेली, पोटात फळं आणि दोन खाकरे. आणि डोक्यावर लख्ख ऊन! मी म्हटलं, "सूर्य हा काय इथे आहे." हे म्हणाले, "शरीराला रात्र झाली आहे. रात्री अग्नी मंद होतो, म्हणून तर नियम आहे." एकतीस वर्षं यांनी रात्री अन्नाला हात लावलेला नाही, दुकानाच्या ऐन गर्दीतही नाही. अशा माणसाला समजावणं सोपं नसतं.

पण हे पचनाचं कारण आपण अलीकडे फार सांगायला लागलो आहोत, मुलांना पटावं म्हणून. मूळ कारण ते नाही. अंधारात बारीक जीव दिसत नाहीत, दिव्यावर येतात, अन्नात पडतात, म्हणून रात्रिभोजनत्याग. तो सूर्याशी बांधलेला आहे, आपल्या पोटाशी नाही, टायटनच्या घड्याळाशी तर नाहीच. मी एवढंच विचारलं, "आईंचा नियम होता तो जिवांसाठी की पचनासाठी?" हे काही बोलले नाहीत. घड्याळ काढून किल्ली फिरवली.

जवळच्या दुकानात शिरलो. तिथे आपल्यासारखा हिरवा ठिपका सक्तीचा नाही, पाकिटामागचं वाचावंच लागतं. दूध, अंडं अशा गोष्टी ठळक अक्षरांत छापतात, त्याने अंडं चटकन सापडतं. कांदा-लसूण मात्र साध्या अक्षरांत दडलेले असतात. दह्यातही जिलेटिन असू शकतं. लाल रंगाच्या खाऊवर ई१२० दिसलं की परत ठेवा, तो किड्यांपासून काढतात. वीस मिनिटांत आमच्या हाती आलं ते केळी, काकडी, साधा पाव आणि भाजके शेंगदाणे. बाकावर बसून यांनी खाल्लं, आणि पाचेक मिनिटांनी चेहऱ्यावर रंग आला तेव्हा मी माझं केळं सोललं.

खोलीत किटली होती. नळाला छन्ना बांधला, पाणी गाळून उकळलं. जिवाणी परत मूळ पाण्यात सोडण्याची सोय तिथे नाही, ते माझ्या मनाला लागून राहिलं. झोप अनावर होत होती, पण सूर्य हलेना. त्या दिवशी सूर्यास्त पावणेनऊचा, म्हणजे दोन घडी आधी, आठच्या आत आटोपायचं. सातला पुन्हा बागेत गेलो, चिवडा, खजूर, काकडी. आठला पाच कमी असताना यांनी पाणी पिऊन बाटलीचं झाकण लावलं. ऊन अजून झाडांच्या शेंड्यावर होतं. दिग्रसला तेव्हा रात्रीचे साडेबारा.

"परत गेल्यावर दिग्व्रत घेऊन टाकू," हे म्हणाले. "आईंचंच. तीच रेघ."

मी म्हटलं, "तुम्ही घ्या. मी थांबते." कारण लेस्टरचं मंदिर माझ्या मनात होतं. तिथे जुन्या चर्चच्या इमारतीत श्वेतांबर आणि दिगंबर दोन्ही वेद्या एका छपराखाली आहेत, १९८८ साली प्रतिष्ठा झाली. टूरच्या यादीत ते नाही. लंडनहून आगगाडीने सव्वा तास.

यांनी विचारलं, "म्हणजे परत यायचं?"

"पुढच्या मेमध्ये," मी म्हटलं. हे घड्याळाकडे बघत राहिले, मग म्हणाले, त्याआधी दुकानाला माणूस बघावा लागेल.